आमदाराचं रेकॉर्ड कसं तपासायचं? (वर्णभेद, पोलीस, तुरुंग, कॅलिफोर्निया)

सायली_बेएरिया
नागरिकत्व मिळालं, पहिलंच मतदान. मतपत्रिका घरी येऊन पडली आहे. आमच्या असेंब्लीच्या आमदाराने वर्णभेद, पोलीस, तुरुंग या विषयांत काय केलंय ते बघायचंय. हाताशी दोन तास, तेही पोरं झोपल्यावर. कुठला पक्ष चांगला ते कृपया सांगू नका.

नचिकेत०७
दोन तासांत काय होणार! मी २०२० साली अख्खं एबी २५४२ वाचलं होतं, दुरुस्त्यांसकट. रेशियल जस्टिस अ‍ॅक्ट. अ‍ॅश कालरांचं विधेयक. इथल्या विधिमंडळातले पहिले भारतीय वंशाचे आमदार, आधी पब्लिक डिफेंडर, म्हणजे गरीब आरोपींसाठीचे सरकारी वकील. वंशावरून शिक्षा जास्त होते हे आकडेवारीने कोर्टात मांडायची वाट त्या कायद्याने मोकळी केली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती जवळपास बंदच केली होती. ते वाचा आधी.

खडूस_काका
सॅन फ्रान्सिस्कोत तीनदा गाडीची काच फुटली. तिसऱ्यांदा आत फक्त डब्याची पिशवी होती, मटार उसळ. तीही नेली. छोट्या चोऱ्यांची शिक्षा हलकी करणाऱ्या प्रॉप ४७ वाल्यांना मत नाही. विषय संपला.

नचिकेत०७
काका, ४७ लोकांनीच २०१४ ला मतदानाने आणलं. ते कडक करणारं ३६ पण २०२४ ला लोकांनीच. आमदाराच्या खात्यावर कसं टाकणार? शिवाय गाडी फोडणं ४७ मध्ये नव्हतंच.

खडूस_काका
काच माझी फुटली, तुमची नाही.

मृदुला_के
एसीएलयू या नागरी हक्क संघटनेचं स्कोअरकार्ड बघा, आमदारांना त्यांच्या मतांवरून गुण देतात, दहा मिनिटांचं काम. मी तेवढंच बघते.

श्रीरंग
आणि पोलीस संघटनांचा पाठिंबा कुणाला आहे, तेही बघा. दोन्हीकडून शाबासकी मिळाली असेल तर काहीतरी पाणी मुरतंय.

अनामिक_वाचक
वर्णभेदाचं विचारताय, जातीचं का नाही? जातिभेदावर स्पष्ट बंदी घालणारं एसबी ४०३ आठवतं का? ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपाल न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला.

श्रीरंग
झालं. आता दोनशे प्रतिसाद.

प्रसाद_फ्रीमाँट
बरंच झालं नाकारलं ते. भेदभावाविरुद्धचे कायदे आधीच आहेत.

अनामिक_वाचक
मग पुन्हा लिहायला एवढी भीती कसली?

कोपऱ्यातली
भांडा, पण त्याच विधेयकाची मतं बघा. असेंब्लीत ५० हो, ३ नाही. सभागृह ८० चं! बाकीचे कुठे होते? सायली, खरी गोम इथे आहे. इथे विधेयकाला एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे ४१ मतं लागतात. गप्प बसणं म्हणजे परिणामाने 'नाही'च, फक्त नावावर डाग पडत नाही. त्यामुळे 'नो व्होट रेकॉर्डेड' मोजा. आजारपणही असू शकतं, पण पोलिसांच्या प्रत्येक विधेयकाला ताप येत असेल तर समजून जा. शिवाय निकाल बदलत नसेल तर मागाहूनही मत टाकता येतं, म्हणून नुसत्या 'हो'वर भुलू नका. आणि खर्चाची विधेयकं अ‍ॅप्रोप्रिएशन्स या खर्च तपासणाऱ्या समितीच्या सस्पेन्स फाइलमध्ये, म्हणजे अडवून ठेवलेल्या विधेयकांच्या यादीत, चर्चेविना मरतात, तिथे तर कुणाचं बोटच दिसत नाही. कॅलमॅटर्स या वृत्तसंस्थेच्या डिजिटल डेमोक्रसी साइटवर आमदाराच्या नावाने मतं आणि देणग्या एकत्र मिळतील.

पुणेकर_कट्टा
तुमची चैन आहे बाबा. आमच्याकडे विधानसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने. कोण 'हो' ओरडलं, कोण जांभई देत होतं, देव जाणे.

मृदुला_के
स्कोअरकार्ड बघा हो, दहा मिनिटं.

सायली_बेएरिया
सगळ्यांचे आभार. काल रात्री बसले, दोनाचे चार तास झाले. आमचे साहेब माझ्या यादीतल्या नऊपैकी चार वेळा 'नोंद नाही'. समोरच्या उमेदवाराच्या पत्रकावर या विषयांवर अवाक्षर नाही. शेवटी तो रकाना कोराच ठेवला, बाकीचं भरून लिफाफा पेटीत टाकला.

कोपऱ्यातली
अरे देवा. म्हणजे तुमचीही 'नोंद नाही'!

सायली_बेएरिया
हो, टाकल्यावर लक्षात आलं.

खडूस_काका
कुठल्या पेटीत टाकलंत? आमच्या कोपऱ्यावरची परवा भरून वाहत होती.