मदत हवी आहे: ओक्लाहोमातला गुरांचा लिलाव

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीतला 'नॅशनल स्टॉकयार्ड्स' हा गुरांचा बाजार १९१० साली सुरू झाला. शेजारी मांसाचे मोठे कारखानेही आले. पण सुरुवातीची पन्नासेक वर्षं तिथे लिलाव नव्हताच! अडते आणि खरेदीदार कुंपणाशी उभं राहून आपसात भाव ठरवत. जाहीर बोली आली ती १९६१ मध्ये.

आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे मी लहानपणापासून पाहिलेत, म्हणून या बदलाचं मला फार कुतूहल आहे. उघड बोलीमुळे रँचवाल्यांना (मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्यांना) जास्त भाव मिळू लागला का? अडत्यांनी विरोध केला का? तिकडे राहणाऱ्या कुणाची जुन्या रँचवाल्यांशी ओळख असल्यास कृपया कळवा. त्या काळातल्या पावत्या, फोटो, आठवणी, काहीही चालेल.