मदत हवी आहे: बॅकअपसाठी स्वस्तातलं स्नबनोज रिव्हॉल्व्हर

रातकिडा
मंडळी, बॅकअप म्हणून एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. .३८ स्पेशल, पाच-सहा गोळ्या, खिशात मावेल असं. फार पैसे घालायचे नाहीत. स्मिथ अँड वेसन ६४२, रुगर एलसीआर आणि टॉरस ८५६ अशी तीन नावं काढून ठेवलीत. यूट्यूबवर जो तो आपलंच घोडं दामटतोय, डोकं उठलंय. शनिवारी गन शो आहे, त्याआधी ठरवायचंय. वापरणाऱ्यांनीच सांगा. "गन हवीच कशाला" हा विषय कृपया नको.

शंकेखोर
राज्य कोणतं? बॅकअप म्हणजे कशाला बॅकअप, मुख्य गन कोणती? "फार पैसे नाहीत" म्हणजे तीनशे डॉलर की सहाशे? आणि सिटिझन आहात, ग्रीन कार्ड आहे की एच-वन? शेवटचा प्रश्न खोचकपणे विचारत नाहीये. एच-वनसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला फेडरल कायद्यानेच बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. गन शोमध्ये डीलरकडून घेतली तरी खरेदीचा सरकारी ४४७३ फॉर्म चुकत नाही, आणि सहसा बॅकग्राउंड चेकही.

काडतूस
एलसीआर. विषय संपला.
२००९ पासून बाजारात आहे, साडेतेरा औंस वजन, आणि ट्रिगर असा की कारखान्यातून आलेल्या जे-फ्रेमशी (स्मिथ अँड वेसनची लहान फ्रेम, ६४२ त्यातलंच) तुलनाच नको. आतल्या कॅममुळे ओढ शेवटपर्यंत एकसारखी लागते. घोडा (मागचा हॅमर) आत झाकलेला, त्यामुळे खिशात अडकत नाही. बाकी दोन्ही नावं खोडून टाका.

भटक्या
या काळात रिव्हॉल्व्हर? पाच गोळ्यांसाठी एवढा जाड सिलेंडर खिशात बाळगायचा? रुगरचंच एलसीपी मॅक्स बघा. अकरा औंसाच्या आत वजन, दहा गोळ्यांचं मॅगझिन, चपटं. बॅकअपला त्याच्यासारखं काही नाही.

काडतूस
@भटक्या, त्यांनी पिस्तूल विचारलंय का?

भटक्या
विचारलं नाही म्हणून चांगला पर्याय सांगायचा नाही का? मग फोरम कशाला उघडलाय.

रातकिडा
टेक्सास. सिटिझन आहे. मुख्य ग्लॉक १९. बजेट गनसाठी चारशे, होल्स्टर धरून पाचशेच्या आत. स्वतःचं दुकान आहे, रात्री उशिरा बंद करतो. २०२१ पासून इकडे कॅरीला, म्हणजे गन अंगावर बाळगायला, परमिट लागत नाही, तेव्हा तो प्रश्न नको. आता तिघांपैकी एक सांगा ना कुणीतरी.

शंकेखोर
परमिट लागत नाही हे खरं, पण एलटीसी (टेक्सासचं कॅरी लायसन्स) काढून ठेवाच. शेजारच्या राज्यात गेलात तर तुमचं "लागत नाही" तिथे चालेलच असं नाही, एलटीसी मात्र बऱ्याच राज्यांत मानतात. दुकान कसलं आहे? जिथे ५१ टक्क्यांची लाल पाटी असते, म्हणजे बसून दारू पिण्यावरच मुख्य कमाई असते, तिथे कॅरी करता येत नाही.

रातकिडा
ग्रोसरी आणि गॅस. बार नाही हो!!

आडगावचा
भारतात असाल तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं निर्भीक बघा. २०१४ साली खास महिलांसाठी म्हणून आणलं होतं. .३२ बोअर, सहा गोळ्या, अर्धा किलो वजन. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. शस्त्रपरवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो. परवाना मिळवणं हीच खरी लढाई.

शंकेखोर
आडगावचे, ते टेक्सासमध्ये आहेत. वरती लिहिलंय.

आडगावचा
माहिती असावी म्हणून दिली. इथे बाकीचेही वाचतात.

भटक्या
ग्लॉक १९ आहे? मग प्रश्नच मिटला. ग्लॉक २६ घ्या. १९ची मॅगझिन २६ला चालते, गोळी तीच, ट्रिगर तोच, वेगळा सराव नको. सेकंडहँड बघितलंत तर तुमच्या बजेटच्या जवळपास येईल. दोन वेगळ्या जातीच्या गन अंगावर बाळगणं म्हणजे ऐन वेळी गोंधळ.

नेमबाज मावशी
भटक्यांचा मुद्दा एरवी मीही मान्य केला असता. पण रातकिडा, तुम्ही सुरुवातीपासून रिव्हॉल्व्हरवरच अडून आहात ते का? आणि ते नेमकं कुठे ठेवणार? "खिशात" म्हणालात. दुकानात उभे असताना खिसा ठीक. गाडीत बसल्यावर जीन्सच्या खिशातून हात तरी बाहेर येतो का ते आज रात्री बघून घ्या. रिकाम्या हाताने बघा, गन नको.

रातकिडा
मावशी, बरोबर पकडलंत. जुन्या अपघातामुळे डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत. ग्लॉकची स्लाइड ओढायला त्रास होतो, जमते पण वेळ लागतो. मध्येच जाम झाली तर ती मोकळी करत बसण्यापेक्षा दुसरी काढावी असा विचार आहे. गाडीचं म्हणाल तर हो, बसल्यावर खिशातून निघत नाही, म्हणून घोट्याला बांधायचाही विचार आहे.

काडतूस
हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायला काय झालं होतं? भटक्याने एव्हाना अर्धं दुकान विकलं असतं तुम्हाला.

भटक्या
बोटांचं आधी कळलं असतं तर मी २६चं नावच काढलं नसतं. ती आखूड, स्प्रिंग कडक, तिची स्लाइड १९पेक्षाही जड जाईल. एलसीपी मॅक्सची ओढायला हलकी आहे असं मात्र अजूनही म्हणेन.

नेमबाज मावशी
आता सगळं जुळलं. तुम्ही करताय त्याला इकडे न्यूयॉर्क रीलोड म्हणतात. पोलिसांकडे रिव्हॉल्व्हरच असायची त्या काळात भरत बसण्यापेक्षा दुसरी उपसायची, तिथून नाव पडलं. स्लाइड नीट ओढता न येणाऱ्याला रिव्हॉल्व्हरच सोयीचं. गोळी उडाली नाही तर पुन्हा ट्रिगर ओढा, सिलेंडर फिरून पुढची समोर येते. डाव्या हाताचं कामच नाही.

आता तुमची तीन नावं. मी रेंजवर बायकांना शिकवते, त्यामुळे तिन्ही रोज हातात येतात.

६४२: ॲल्युमिनियमची फ्रेम, साधारण साडेचौदा औंस, घोडा पूर्ण आत. होल्स्टर, ग्रिप, लोडर (गोळ्या एकदम भरायचं साधन) सगळं याच मापाचं सहज मिळतं. ट्रिगर जड, पण ड्राय फायर (रिकाम्या गनचा ट्रिगर ओढायचा सराव) करत राहिलात की थोडा मोकळा होतो. हेच काळ्या रंगात हवं तर ४४२. दोन्हींत आतलं सेफ्टी कुलूप नसलेलं मॉडेल मिळतं. नवीन घेतलंत तर तुमच्या चारशेच्या वर जाईल.

एलसीआर: ट्रिगरबद्दल काडतूस म्हणतात ते खरं. पण त्याला एक खोड आहे. ट्रिगर सोडताना पूर्ण पुढे येण्याआधीच एक क्लिक जाणवतं. घाईत तिथूनच परत ओढलात तर गोळी सुटत नाही. बोट पूर्ण सोडायची सवय लावावी लागते. किंमत तिघांत सगळ्यात जास्त.

८५६: सहा गोळ्या, स्वस्त, स्टीलचं बावीस औंस. नेहमीच्या मॉडेलचा घोडा बाहेर आहे, खिशाला अडकतो. घोडा झाकलेलंही येतं, तेच बघा. सिलेंडर सहाचा असल्याने जे-फ्रेमचं लोडर चालत नाही.

काडतूस
खोड नाही हो ती, सवयीचा प्रश्न आहे. मला कधीच झालं नाही.

नेमबाज मावशी
तुम्हाला झालं नसेल. घाबरलेल्या माणसाला होतं, मी समोर उभी राहून बघितलंय.

लोखंडी
कुणी जुन्या स्टीलबद्दल बोलतच नाहीये. सेकंडहँड मॉडेल ३६ शोधा, १९५०चं डिझाइन, अजून चालतंय. या कागदी वजनाच्या गनांतून प्लस-पी (जादा दाबाच्या) गोळ्या उडवून बघा, दुसऱ्या सिलेंडरला हात दुखतो आणि मग सराव बंद. वजन कमी तेवढा धक्का जास्त, हे कुणी टाळू शकत नाही. फारच हलक्या गनमध्ये धक्क्याने उरलेल्या काडतुसांतली गोळी पुढे सरकते आणि सिलेंडर अडकतो, हेही ऐकलं असेल.

शंकेखोर
सेकंडहँड म्हणताय तर तपासायचं काय तेही सांगा. गन शोच्या टेबलावर सगळंच चकाकतं.

लोखंडी
विक्रेत्याला विचारूनच हात लावा. सिलेंडर उघडून रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, मग पुढचं. ट्रिगर हळूहळू ओढा आणि मागेच दाबून धरा, आता सिलेंडर हलवून बघा. जरासं हलेल, खुळखुळता कामा नये. सगळ्या खणांवर हेच करा, एखादा खण वेळेत लॉक होत नसेल तर सोडून द्या. सिलेंडर पुढे-मागे ढकलून बघा, तिथेही ढिलाई नको. नळीच्या मागच्या तोंडाशी, फोर्सिंग कोनला, चीर आहे का ते टॉर्चने बघा. नळी आणि सिलेंडरमधली फट इंचाच्या चार ते आठ हजारांश असावी, फट मोजायचं फीलर गेज खिशात ठेवा. स्क्रूची तोंडं कुरतडलेली दिसली तर कुणीतरी घरीच उघडलीय.

चिंगी७९
विषयांतर करते, माफ करा. घरात लहान मुलं आहेत का? घोट्याला बांधलेली गन घरी आल्यावर काढून कुठे ठेवतात याचं उत्तर आधी ठरवा. लहान क्विक-ॲक्सेस सेफ पन्नास-साठ डॉलरपासून मिळते, ती बजेटमध्ये धरा.

रातकिडा
मुलगा कॉलेजला, घरी दोघंच. सेफ आहे.
लोखंडी, मॉडेल ३६ घोट्याला जड नाही होणार? आणि .३५७ घेतलं तर? दोन्ही गोळ्या चालतात म्हणे.

लोखंडी
एकोणीस-वीस औंस. मला होत नाही, तुमचं तुम्ही बघा.

नेमबाज मावशी
.३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालते, उलट नाही. पण त्या जादा पैशात तुम्ही शेवटी .३८च उडवणार. एवढ्या आखूड नळीतून .३५७ म्हणजे कानठळ्या आणि डोळ्यांसमोर आगीचा लोळ.

गोळ्यांचं ऐका. दोन इंची नळीतून हॉलो पॉइंट (पोकळ टोकाची गोळी) फुलेलच याचा भरवसा नसतो. आखूड नळीसाठी बनवलेली स्पीअर गोल्ड डॉट १३५ ग्रेन (गोळीचं वजन) आहे, ती बरी. धक्का सोसत नसेल तर १४८ ग्रेनची वॉडकटर भरा. कागदावर नेम मारायला बनवलेली चपट्या तोंडाची गोळी, पण खोलवर सरळ जाते आणि हात दुखत नाही. चपट्या तोंडामुळे घाईत भरायला अवघड, पण तुम्ही ते भरणारच नाही आहात.

घोट्याला म्हणाल तर उजव्या हाताने काढायचं असल्याने डाव्या पायाच्या आतल्या बाजूला. गाडीत बसल्या बसल्या हात पोचतो. दुकानात काउंटरमागे उजवा पुढचा खिसा. त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ली नको, सुट्टे पैसे नको, आणि ट्रिगर झाकणारं पॉकेट होल्स्टर हवंच. दोन्ही जागी वापरायचं तर हलकंच घ्यावं लागेल. त्यामुळे लोखंडींचं पटत असूनही मी स्टील सांगणार नाही.

भटक्या
मग ९ एमएमचं एलसीआर का नको? ग्लॉकची गोळी तीच.

काडतूस
मून क्लिप (काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची चकती) लागते. ती खिशात वाकली की सिलेंडर फिरत नाही. आणि ९ एमएमच्या काडतुसाची गोळी धक्क्याने सरकण्याची शक्यता जास्त. एलसीआरचा भक्त असूनही सांगतो, .३८च घ्या.

नेमबाज मावशी
काडतूस आणि मी एका मतावर आलो, तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

रातकिडा
ठरलं बहुतेक. वापरलेलं, कुलूप नसलेलं ४४२ किंवा ६४२ चारशेच्या आत मिळालं तर ते, नाही तर घोडा झाकलेलं, हलक्या फ्रेमचं ८५६ अल्ट्रालाइट. एलसीआर बजेटच्या बाहेर जातंय, काडतूस माफ करा. मावशी, घोट्याचं होल्स्टर कोणत्या कंपनीचं?

नेमबाज मावशी
कंपनी नंतर. गन घेतलीत की पायाचा घेर मोजून दुकानात जा, बांधून जिना चढून-उतरून बघा. घसरत असेल तर दुसरं. आणि गोळ्यांसाठी शंभर डॉलर बाजूला काढा. होल्स्टर-गनचे पाचशे झाले म्हणून सराव उधारीवर ठेवू नका.

आडगावचा
भारतात घोट्याचं होल्स्टर कुठे मिळतं कुणाला माहीत आहे का?

शंकेखोर
वेगळा धागा काढा.