केसांसाठी मिनॉक्सिडिलची गोळी, रोजचा ज्येष्ठमध आणि सुजलेले पाय

वर्गशिक्षिका, सांगली

नमस्कार. वय ४१, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दोन वर्षांपासून भांग रुंदावत चालला होता. त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून मिनॉक्सिडिलची अडीच मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून रात्री घ्यायला सांगितली, म्हणजे १.२५. पाचव्या-सहाव्या आठवड्यात केस आणखीच गळले, पण तसं होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. दोन महिने बाकी काहीच त्रास नव्हता.

तिसऱ्या महिन्यात पायातली जोडवी रुतायला लागली. संध्याकाळी घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. तीन आठवड्यांत वजन २ किलो वाढलं. शाळेचा दुसरा मजला चढले की छातीत धडधड होते. घरच्या मशीनवर बीपी १३८/८८ येतंय, आधी ११८/७६ च्या आसपास असायचं.

आमच्या भजनी मंडळाची गणपतीतल्या स्पर्धेची तालीम सुरू आहे. दिवसभर वर्गात बोलायचं आणि रात्री गायचं, त्यामुळे घसा बसतो. म्हणून महिनाभर ज्येष्ठमधाची कांडी सतत तोंडात असते. सकाळी त्याचीच पूड चमचाभर मधातून घेते. दुपारी स्टाफरूममध्ये भडंग असतं, जेवताना लोणचं-पापड असतंच. चहा दिवसाला पाच कप. मैत्रिणीच्या सांगण्यावरून केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गमी चालू केल्या आहेत, दिवसाला १० मिलिग्रॅम.

धडधडीसाठी फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड बघितलं तर टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) ०.२१, म्हणजे कमी, आणि टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) थोडं वर. थायरॉइड जास्त काम करतोय असं दिसतं, पुढच्या आठवड्यात औषध सुरू करू, म्हणाले. एका गोळीमुळे दुसरी गोळी लागतेय की माझ्या खाण्यात काही चुकतंय? केस खरंच भरायला लागलेत, कपाळावर बारीक लव दिसतेय. गोळी सोडायची माझी इच्छा नाही.

मेडिकलवाला, कराड

ताई, बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. डॉक्टर नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. आधी एवढं करा: ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना उद्याच फोन करा. सूज आणि वजन, दोन्ही सांगा. आडवं झाल्यावर दम लागला, छातीत दुखलं किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

आता खाण्याचं. मिनॉक्सिडिल मुळात बीपीची गोळी. अमेरिकेत १९७९ मध्ये ती कशालाच दाद न देणाऱ्या रक्तदाबासाठी आली. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून पुढे १९८८ मध्ये तिथेच डोक्याला लावायचं औषध निघालं. बीपीसाठी दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम देतात. तुमची मात्रा त्यापुढे फार लहान, पण काम त्याच वाटेने करते. ती रक्तवाहिन्या सैल करते. दाब उतरला असं शरीराला वाटतं, मग हृदय जोरात पळतं आणि मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं. धडधड आणि घोट्याची सूज तिथून येते. त्यात वरून मीठ जास्त गेलं की सूज वाढणारच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि त्यात भाजी-आमटी, भाकरी, भडंग, लोणचं सगळं आलं.

पण मला खटकलं ते तुमचं बीपी. हे औषध बीपी उतरवणारं, तुमचं तर चढलंय. इथे मला ज्येष्ठमधाचा संशय येतो. त्यात ग्लायसिरायझिन नावाचा घटक असतो, त्याचीच ती गोडी. शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक मूत्रपिंडापाशी निष्क्रिय करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ग्लायसिरायझिन त्याला अडवतं. मग कॉर्टिसोल तिथे अल्डोस्टेरॉनचं काम करायला लागतं: मीठ राखायचं, पाणी राखायचं, पोटॅशियम लघवीतून घालवायचं. पाय सुजतात, बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. चार दिवस घशासाठी चघळला तर सहसा काही होत नाही. महिनाभर रोज कांडी आणि वर पूड हे बरंच झालं. आपल्याकडे ते घरचं म्हणून कोणी औषधात धरत नाही, आणि डॉक्टरांनी 'दुसरं काही घेता का' विचारलं तर ते सांगायचंही सुचत नाही. बंद केल्यावरही परिणाम जायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून निराश होऊ नका. सोडियम-पोटॅशियमची रक्ततपासणी करून द्यायला सांगा.

लॅबवाली, लातूर

मॅडम, थायरॉइडची गोळी सुरू करण्याआधी थांबा, तुमच्या डॉक्टरांना बायोटिनचं सांगा. मी लॅबमध्येच काम करते, म्हणून तुमचा रिपोर्ट वाचल्या वाचल्या आधी गमीच डोळ्यांपुढे आल्या.

कितीतरी यंत्रांवर टीएसएच मोजताना बायोटिन आणि त्याला चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रथिन यांची घट्ट जोडी वापरलेली असते. तुमच्या रक्तात आधीच बायोटिन भरपूर फिरत असेल तर ते त्या जागा अडवून बसतं. मग टीएसएच खोटं कमी दिसतं आणि त्याच यंत्रावर टी-फोर, टी-थ्री खोटं जास्त. कागदावर अगदी थायरॉइड वाढल्यासारखं चित्र उभं राहतं, आणि वर तुम्हाला धडधडही होतेच आहे, मग शंका घ्यायला कोणाला जागा उरते? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. तुमच्या गमीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. शेंगदाणे, अंडी यांतून येणाऱ्या बायोटिनने असं काही होत नाही.

सगळ्याच यंत्रांवर हे घडत नाही, म्हणून तपासणी कोणत्या पद्धतीने केली ते लॅबला विचारा. गमी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त द्या, किती दिवस ते डॉक्टर नेमकं सांगतील. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं, कारण हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही बायोटिनमुळे खोटं कमी येऊ शकतं. आमच्याकडे रक्त द्यायला येणाऱ्या बायकांना मी आता 'केसांसाठी काही घेता का' असं स्वतःहून विचारते. फॉर्मवर तो रकानाच नाही.

वर्गशिक्षिका, सांगली

दोघांचे मनापासून आभार. ज्येष्ठमधाची डबी आत्ताच फडताळात वर ठेवून दिली. उद्या सकाळी दोन्ही डॉक्टरांना फोन करते. एक विचारते: साध्या मिठाऐवजी ते कमी सोडियमचं मीठ आणलं तर चालेल का? जाऊबाईंकडे तेच वापरतात.

आगरवाडी, रत्नागिरी

ताई, त्या मिठाबद्दल माझा अनुभव सांगते. मला पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा त्रास) आहे, केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, १०० मिलिग्रॅम. ही गोळी मिनॉक्सिडिलच्या उलट वाटेने जाते: मीठ बाहेर टाकते आणि पोटॅशियम अडवून ठेवते. कमी सोडियमच्या मिठात सोडियमची जागा काही अंशी पोटॅशियम क्लोराइडने भरलेली असते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे स्वयंपाकात तेच मीठ, आणि उन्हाळ्यात दारच्या माडाचं शहाळं रोज दोन वेळा. एका शहाळ्यात साधारण दीड-दोन केळ्यांएवढं पोटॅशियम जातं. मला बीपीसाठी रॅमिप्रिलही चालू आहे, तेही पोटॅशियम वाढवतं. तपासणीत पोटॅशियम ५.८ आलं, म्हणजे जास्त. हातपाय गळल्यासारखे वाटत होते ते मी उन्हावर ढकललं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी थांबवली, मीठ बदलायला लावलं.

तरुण, निरोगी बाईला या गोळीने पोटॅशियम वाढण्याची शक्यता कमी असते, असं त्यांनीच नंतर सांगितलं. बीपीची अशी औषधं, मूत्रपिंडाचा त्रास किंवा वाढतं वय असेल तर मात्र जपायचं. तुम्हाला मिनॉक्सिडिलसोबत सुजेसाठी म्हणून स्पायरोनोलॅक्टोन जोडून दिलं, तसंही देतात, तर ते मीठ घरात आणण्याआधी विचारा. नुसतं मीठ कमी करायचं असेल तर भडंग आणि लोणचं थांबवून बघा, डबा बदलायची गरजच पडणार नाही.

एक वाचक, पुणे

वय ३४, केसगळतीसाठी तीन वर्षं फिनास्टेराइडची गोळी, १ मिलिग्रॅम. पुरुषांपैकी कोणी वाचत असेल तर थोडं लिहितो. कामेच्छा कमी झाल्यावर लाजेने डॉक्टरांना सांगितलं नाही, खाण्यात उपाय शोधत बसलो. जवस, भोपळ्याच्या बिया आणि 'केसांचं पोषण' लिहिलेल्या हर्बल कॅप्सूल. सहा महिन्यांनी कॅप्सूलच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं, त्यात सॉ पाल्मेटो नावाच्या वनस्पतीचा अर्क होता. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी (केस गळवणारं संप्रेरक) करणाऱ्या ज्या विकराला फिनास्टेराइड अडवतं, त्यालाच तेही अडवतं असं मानलं जातं. म्हणजे ज्या गोष्टीचा त्रास होतोय असं मला वाटत होतं, त्याच दिशेची दुसरी गोष्ट मी उतारा समजून घेत होतो. शेवटी डॉक्टरांशी बोललो, त्यांनी दोन्ही थांबवलं, दोन महिन्यांत बरं वाटलं. मूड फार खाली गेला, जगण्याबद्दल वाईट विचार यायला लागले, तर खाण्यात बदल करत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. हे या गोळीच्या माहितीपत्रकातही असतं.

मेडिकलवाले दादा, पपनस चालतं का? ग्रेपफ्रूटबद्दल वाचलं होतं.

मेडिकलवाला, कराड

चालतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्यातले काही घटक आतड्यातलं एक विकर अडवतात, फिनास्टेराइडही यकृतात त्याच विकराने मोडतं, हे खरं. पण या गोळीला सुरक्षिततेचा पल्ला मोठा आहे, दोन फोडींनी फरक पडत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं मात्र तसं नाही, त्या चालू असतील तर विचारून खा.

वर्गशिक्षिका, सांगली

पाच आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं होतं.

त्वचारोगतज्ज्ञांनी मिनॉक्सिडिल दोन आठवडे थांबवलं आणि रक्त तपासलं. पोटॅशियम ३.२ आलं, म्हणजे कमी. ज्येष्ठमधाचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि किती, कधीपासून, कांडी की पूड, सगळं विचारून घेतलं. मला फार बरं वाटलं. मला त्यांनी उलट केळं आणि शहाळं खायला सांगितलं, पोटॅशियम भरून येईपर्यंत. गमी बंद करून सहाव्या दिवशी थायरॉइड पुन्हा केलं: टीएसएच २.३, टी-फोर ठीक. ती गोळी सुरूच झाली नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, १४ म्हणजे कमी निघालं, म्हणून लोहाची गोळी दिलीय आणि जेवणाच्या आगेमागे चहा नको म्हणाले. पाच कपांचे दोन झालेत.

मिनॉक्सिडिल आता निम्मं, ०.६२५. वजन १.८ किलो उतरलं, बीपी ११६/७४. गोळी, मीठ आणि ज्येष्ठमध, तिन्हींत एकदम बदल केला, त्यामुळे नेमका दोष कोणाचा किती हे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं.

घशासाठी कोमट पाण्याच्या गुळण्या करते आणि खडीसाखर तोंडात ठेवते. तालमीत वरचा षड्ज अजून थोडा चिरतो, पण मंडळातल्या बायका सांभाळून घेतात. काल जोडवी परत घातली. मंडळात आणखी दोघी ज्येष्ठमध चघळणाऱ्या निघाल्या, त्यातल्या एकीला बीपीची गोळी आहे. तिला उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात घेऊन जाणार आहे.