काशीत पाच दिवस : आरती आणि नावेपलीकडचे बनारस कसे पाहावे?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी अडुसष्ट वर्षांची आई पाच दिवसांसाठी काशीला जात आहोत. विश्वनाथाचे दर्शन, दशाश्वमेधावरची संध्याकाळची आरती, नावेतून घाट आणि सारनाथ एवढे दोन दिवसांत आटोपते, असे सगळेच सांगतात. उरलेल्या तीन दिवसांत तिथल्या माणसांचे रोजचे जगणे आणि खाणेपिणे थोडेफार अनुभवता यावे, अशी इच्छा आहे. ‘अस्सल बनारस’ दाखवणाऱ्या सहलींच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. परंतु मागच्या वर्षी दुसऱ्या एका शहरात अशाच सहलीत ‘कारागिराच्या घरी’ म्हणून आम्हाला ज्या खोलीत नेले, तिचे मागचे दार थेट दुकानात उघडत होते. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या बेतानेच चढता येतील. तिथे राहिलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त खजिनदार

नोकरीनिमित्त मी बनारसला नऊ वर्षे काढली. माझा सल्ला एवढाच, की काशीत जागा शोधत हिंडू नका, वेळ गाठा. तुमचा महिना थंडीचा आहे आणि खाण्याच्या दृष्टीने याहून चांगला महिना नाही. या दिवसांत चौखंबा आणि ठठेरी बाजाराच्या गल्ल्यांत सकाळी मलइयो मिळते. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर, दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. केशर-वेलचीचा तो पिवळसर फेस मातीच्या कुल्हडात भरून देतात आणि तो जिभेवर टेकताच विरतो. कुल्हड रिकामा झाला, की विक्रेता न मागता त्यात थोडे केशरी दूध ओततो. ते घेतल्याशिवाय तिथून हलू नये. ऊन चढल्यावर उरलेला फेस बसत जातो, म्हणून नऊच्या आत पोहोचावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चुडा-मटर. आपल्या पोह्यांचे हे चुलत भावंड आहे, पण त्यात कांदा नाही आणि हळदही नाही. तूप, कोवळा मटार, आले आणि वरून थोडे दूध किंवा साय. आईंना ‘पोहे’ म्हणून सांगू नका, अपेक्षाभंग होईल. कचोरी-जिलबी ही तिथली बारमाही न्याहारी आहे, तीही सकाळचीच.

मुक्काम शक्यतो अस्सी घाटाच्या बाजूला, एकाच मोहल्ल्यात करावा आणि चहा रोज एकाच टपरीवर घ्यावा. चहाच्या अशा बैठकीला बनारसी माणूस ‘अडी’ म्हणतो. तिथे राजकारणापासून पाणीपुरवठ्यापर्यंत सगळ्यांची खरडपट्टी निघते आणि परक्या माणसाला कोणी उठवत नाही, फक्त त्याने पहिल्याच दिवशी मोबाइल काढून छायाचित्रे घेऊ नयेत. संक्रांतीपर्यंत राहिलात तर पाहालच, की तिथे त्या सणाचे नावच ‘खिचडी’ आहे.

धुक्याचा मात्र विचार करा. त्या आठवड्यात गाड्या कित्येक तास उशिरा येतात, त्यामुळे पहिल्या दिवशी काहीही ठरवू नये.

उत्तर : पैठणीवाली

साडीबद्दल लिहिते, कारण तिथे मी स्वतः फसले आहे. रिक्षावाल्याने ‘विणकरांची सरकारी संस्था’ म्हणून ज्या ठिकाणी नेले, ते एक साधे दुकान होते आणि त्याचे कमिशन माझ्या बिलात मिळवलेले होते. दुसऱ्या खेपेस ओळखीने मदनपुऱ्यात, म्हणजे विणकरांच्या मोहल्ल्यात गेले. तिथे बोळात शिरल्यावर आधी मागाचा आवाज येतो, मग माग दिसतो. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असतो आणि डोक्यावर जकार्डच्या, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. साडी हातात आली की उलटी करून पाहावी. ‘कढुआ’ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असल्यामुळे मागे लोंबते धागे नसतात. ‘फेकुआ’ विणीत मागचे धागे आडवे धावतात आणि नंतर कापावे लागतात. दोन्ही बनारसीच, पण कष्ट आणि किंमत यांत मोठा फरक आहे. शुक्रवारी जाऊ नका, बहुतेक माग बंद असतात. आणि विणकराच्या घरी गेल्यावर काही घ्यायचे नसेल, तर तसे आरंभीच सांगावे, कारण तुमच्यासाठी थांबवलेला माग म्हणजे त्याची बुडालेली मजुरी असते.

उत्तर : दुर्गाघाटचा पाहुणा

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी ‘अस्सल’ या शब्दावर माझा थोडा आक्षेप आहे. दशाश्वमेधावरची आरती ‘पर्यटकांसाठी’ म्हणून मोडीत काढण्याची हल्ली पद्धत आहे. तिचे आजचे भव्य रूप गेल्या तीन-चार दशकांतले आहे हे खरे. अस्सी घाटावर पहाटे होणारा ‘सुबह-ए-बनारस’ तर 2014 पासूनचा आहे. पण त्या पहाटेच्या गाण्याला मी मोहल्ल्यातल्या आजोबांना कानटोपी घालून नियमाने बसलेले पाहिले आहे. मग त्याला बनावट कसे म्हणावे? शिवाय अस्सीवर रिक्षा घाटाच्या बऱ्याच जवळ येते, त्यामुळे आईंनाही ते झेपेल.

आपल्याला एक वाट अधिक मोकळी आहे, ती म्हणजे भाषा. पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाटांच्या वरच्या गल्ल्यांत मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. दुर्गाघाटावर मी सोबत्याशी मराठीत बोलत असताना ओट्यावर बसलेल्या एका आजींनी ‘आपण कुठून येऊन राहिलात?’ असे विचारले आणि पुढचा अर्धा तास, हिंदीच्या चालीवर मराठी बोलत, शेजारच्या घरांची वंशावळ सांगितली. पंचगंगेवरचा दगडी हजारा दीपस्तंभ अहिल्याबाईंचा, आणि आजचे विश्वनाथाचे मंदिरही त्यांनीच 1780 मध्ये बांधून पूर्ण केले, हे आजींनी घरातल्या गोष्टीसारखे सांगितले. या घाटांच्या पायऱ्या मात्र उंच आणि उभ्या आहेत. आईंना खालून नेऊ नका, चौखंब्याच्या बाजूने वरच्या गल्लीतून न्या.

मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावर लाकडांसाठी किंवा निराधारांच्या अंत्यसंस्कारासाठी म्हणून पैसे मागणारे भेटतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा, थांबू नये आणि कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

गोदाकाठ (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. गाडी सात तास उशिरा पोहोचली, त्यामुळे पहिला दिवस गेलाच. मलइयोसाठी दोनदा उशीर झाला, कारण पूजा झाल्याशिवाय आई बाहेर पडत नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटीच गेले आणि तिच्यासाठी आणलेला कुल्हड खोलीवर पोहोचेपर्यंत अर्धा झाला होता. चुडा-मटर तिला आवडले नाही. अडी मात्र तिनेच गाजवली. चौथ्या दिवशी चहावाल्याने न सांगता तिचा बिनसाखरेचा चहा वेगळा काढून ठेवला होता आणि शेजारचे गृहस्थ तिला नाशिकच्या कुंभमेळ्याचा हिशेब विचारत बसले होते. मदनपुऱ्यात साडी घेतली नाही. आधीच सांगितल्यामुळे कोणी आग्रहही केला नाही. आता तिला गाण्यासाठी पुन्हा जायचे आहे. संकटमोचन हनुमान मंदिराचा संगीत समारोह नेमका कधी असतो?

निवृत्त खजिनदार

हनुमान जयंतीनंतर चार-पाच दिवसांनी सुरू होतो, म्हणजे बहुधा एप्रिलमध्ये. मंदिराच्या आवारातच रात्रभर गाणे चालते आणि तिकीट नसते. तिथी पाहताना एक लक्षात ठेवावे : तिकडचे पंचांग पौर्णिमान्त असल्याने, म्हणजे महिना पौर्णिमेला संपत असल्याने, कृष्ण पक्षात त्यांचा महिना आपल्यापेक्षा एकाने पुढे असतो. आपण चैत्र वद्य म्हणतो तेव्हा त्यांचा वैशाख लागलेला असतो, आणि या घोळात मी पहिल्या वर्षी समारोह संपल्यावर सुटी टाकली होती. उकाडा फार असतो. आईंसाठी पाठीला टेकायला एक उशी सोबत न्या.