जामिनासाठी सगळा पैसा ओतायचा, की उलटतपासणीसाठी राखून ठेवायचा?

जुना शिरस्तेदार

माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात, कारकुनीत झाली. न्यायाधीशांच्या पुढ्यातल्या टेबलावर बसून जे दिसलं त्यावरून एक मत बनलंय. पटलं नाही तर बिनधास्त ठोका.

घरातल्या कुणावर गुन्हा दाखल झाला की सगळ्यांचा जीव जामिनात अडकतो. जिल्ह्यातला सगळ्यात मोठा वकील गाठायचा, मागेल ती फी द्यायची, त्यासाठी दागिने मोडायचे, पाहुण्यांकडून हातउसने घ्यायचे. जामीन झाला की पेढे. मग काही वर्षांनी खटला सुनावणीला येतो, साक्षी सुरू होतात, समोरच्या साक्षीदारांना आपल्या वकिलाने प्रश्न विचारायची, म्हणजे उलटतपासणीची वेळ येते आणि तेव्हा खिशात दमडी उरलेली नसते. मोठे साहेब ज्युनियरला पाठवतात. त्याने पोलिसांनी कोर्टात दिलेलं आरोपपत्र आदल्या रात्री चाळलेलं असतं, कधी तेही नाही. 'तुम्ही खोटं सांगताय' एवढं फिर्यादीला सुनावून तो खाली बसतो. शिक्षा की सुटका, हे बहुतेक वेळा त्याच अर्ध्या तासात ठरतं.

बांधावरच्या मारामारीची केस घ्या. फिर्यादी कोर्टात शपथेवर सांगतो की अमक्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. पोलिसांनी घेतलेल्या जबाबात दांड्याचं नावच नाही. आरोपीसाठी हे सोनं आहे, पण ते आपोआप रेकॉर्डवर येत नाही. त्या साक्षीदाराला तो जबाब समोर ठेवून विचारावं लागतं. पुढे तपासी अंमलदार पिंजऱ्यात आला की 'होय, असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं' हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. यातली एक पायरी चुकली तर शेवटच्या युक्तिवादात कितीही घसा फोडा, उपयोग नाही. तसंच डॉक्टरांचं. 'ही जखम दगडावर पडून होऊ शकते का?' हा एक प्रश्न न विचारल्यामुळे अडकलेली माणसं मी पाहिली आहेत.

नंतर चांगला वकील लावून साक्षीदार परत बोलावू, असं म्हणाल तर तेही सोपं नाही. दिल्लीच्या उबर टॅक्सीतल्या बलात्कार खटल्यात आरोपीने वकील बदलून तेच मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की वकील बदलला एवढ्या कारणावर साक्षीदारांना पुन्हा उभं करता येणार नाही.

म्हणून वकील निवडताना 'किती जामीन करून दिलेत' हे विचारू नका. त्याला साक्षीदाराची उलटतपासणी घेताना पाहा. कोर्ट उघडं असतं, मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं. लग्नासाठी मंगल कार्यालय बघायला आपण चार गावं फिरतो. इथे मात्र नातेवाइकाच्या एका फोनवर वकीलपत्रावर सही!

गोदाकाठची

काका, तुम्ही कोर्टाच्या आतून बघितलंत, आम्ही जेलच्या मुलाखतीच्या रांगेतून. माझा भाऊ आत होता. भाड्याच्या दुकानाची जागा गेली, वहिनी माहेरी गेली, आईची शुगर वाढली. खटला तर सुरूही झाला नव्हता. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोच्या) २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत ५.७३ लाख कैदी होते, त्यातले ४.३४ लाख कच्चे. म्हणजे चारातल्या तिघांवर तेव्हा काहीच सिद्ध झालेलं नव्हतं. त्यांच्या घरच्यांना तुम्ही म्हणणार का, की पैसा उलटतपासणीसाठी ठेवा?

आणि आत बसलेला माणूस स्वतःचा बचाव तरी कसा उभा करणार? त्या दिवशी गावात कोण कोण होतं, कुठल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात काय आलं, हे शोधायला माणूस बाहेर लागतो. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं. जामीन लवकर झाला तरच तुमची ती उलटतपासणी भरीव होते.

जुना शिरस्तेदार

ताई, जामीन नको असं मी कुठे म्हटलंय? सगळाच पैसा तिथे संपवू नका, एवढंच. साध्या गुन्ह्यातला जामीन तालुक्याला रोज उभा राहणारा वकीलही नीट करून देतो. त्यासाठी जिल्ह्याचं मोठं नाव लागतंच असं नाही.

गोदाकाठची

साधा गुन्हा असेल तर. आमचा साधा नव्हता.

काळा कोट

मी फौजदारी वकिलीच करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

शिरस्तेदारसाहेब, ज्युनियरवर खापर फोडलंत, पण पक्षकारांचंही सांगा की. जामीन झाला की फोन उचलत नाहीत, तारखेला येत नाहीत, वॉरंट निघालं की धावत येतात. ठरलेली निम्मी फी बुडालेली असताना रात्रभर फाइल वाचायला कुणाला हुरूप येईल?

पण मोठा मुद्दा वेगळाच. तुम्ही जामीन आणि खटला असे दोन कप्पे करताय, ते मला मान्य नाही. जामीन अर्जात जे लिहाल त्याला बचाव पुढे बांधला जातो. अटकपूर्व जामिनाच्या अर्जात घाईत लिहून टाकलं की 'अर्जदार तिथे होता, पण स्वसंरक्षणात धक्का दिला', तर पुढे खटल्यात 'मी गावातच नव्हतो' कसं म्हणणार? सरकारी वकील तो अर्जच पुढे करतो. म्हणजे खटला चालवायची अक्कल असलेला माणूस जामिनाच्या वेळीच हवा.

तारखांवर नजर हेही वकिलाचंच काम. तपास साठ दिवसांत, आणि दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गंभीर गुन्ह्यात नव्वद दिवसांत पुरा झाला नाही तर जामीन हा हक्क होतो. पण आरोपपत्र दाखल होण्याआधी अर्ज पडायला हवा. एक दिवस उशीर केला आणि सकाळी आरोपपत्र आलं, तर हक्क गेला.

फीबद्दल एक. 'सुटलास तर इतके' असा सौदा करणाऱ्यापासून दूर राहा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमांत बंदी आहे.

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशासाठी? माणसाने काही केलेलंच नसेल तर पोलिसांकडे जाऊन खरं सांगावं. पहिल्या दिवशी वकील घेऊन गेलं की ठाण्यातले म्हणतात, 'याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे.' माझ्या चुलत्याला नोटीस आली, गेला, जबाब दिला, संपलं. हे सगळं वकिलांनीच वाढवून ठेवलेलं आहे.

काळा कोट

चुलते सुदैवी, आनंद आहे. पण त्यांना नोटीस कशी मिळाली ते माहीत आहे? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं, म्हणून. त्या नोटिशीच्या कलमाला पूर्वी ४१-अ म्हणायचो, आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३). ती नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, हेही २०२५ मध्ये स्पष्ट झालंय. पण नोटीस मिळूनही गेला नाहीत तर अटक होऊ शकते. कुठल्या कागदासह जायचं, पोच कशी घ्यायची, हे विचारायला वकील लागतो, भांडायला नव्हे.

'खरं सांगावं' याबद्दल: पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे खरं. पण कोठडीत असताना तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. निर्दोष माणूससुद्धा घाबरून 'तो मोबाइल मी तिकडे टाकला' म्हणतो आणि अडकतो. अटकेत असाल तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटायचा हक्क आहे. पूर्ण वेळ तो शेजारी बसू शकत नाही, पण भेटू शकतो. हक्क वापरला म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही.

सरळमार्गी

कायद्यात ठरत नसेल. ठाण्यात ठरतो.

पाटलीण

या दोघांचं चालू द्या. मला विचारायचंय, ज्यांच्याकडे जामिनालाही पैसे नाहीत आणि उलटतपासणीलाही नाहीत, त्यांनी काय करायचं? आमच्या गावातला ऊसतोड मजूर आत आहे. त्याला जामीन मंजूर आहे, पण जामीनदार नाही. ऐपतीचा दाखला कोण देणार त्याला?

अभिरक्षक

मी जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयात, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणाऱ्या कार्यालयात काम करते. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ही पद्धत आणली. आम्ही पूर्णवेळ फक्त आरोपींच्या केसेस चालवतो, खासगी वकिली करता येत नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं अशा काही गटांनाही नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची तीन लाखांची मर्यादा आहे. १५१०० वर फोन करा किंवा जेलमधूनच अर्ज द्या.

पाटलीणताई, त्या मजुरासाठी दोन वाटा आहेत. जामिनाच्या अटी शिथिल करून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर सोडा, असा अर्ज करता येतो. शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे. त्यात कच्च्या कैद्याला जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातं. तो कुठल्या जेलला आहे ते विधी सेवा प्राधिकरणाला कळवा.

सरळमार्गी

फुकटचा वकील म्हणजे नावापुरता उभा. मी स्वतः ऐकलंय, आरोपीचं नावसुद्धा विचारावं लागतं त्यांना.

अभिरक्षक

तसं घडलेलं आहे, नाकारत नाही. अनोखीलाल प्रकरणात आरोपीच्या वकिलाची नेमणूक झाली त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि दोनेक आठवड्यांत फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेलाच नेमावा आणि तयारीला साधारण किमान सात दिवस द्यावेत, असंही ठरवून दिलं. पण तुम्ही ज्याला फी मोजता तो खासगी ज्युनियरही नाव विचारतोच की. शिरस्तेदारसाहेबांनी वर तेच लिहिलंय.

जुना शिरस्तेदार

लिहिलंय, आणि आणखी सांगतो. मी पाहिलेल्या उत्तम उलटतपासण्यांतल्या काही मोफत नेमलेल्या वकिलांच्या होत्या. काळा कोट यांचा मुद्दा, की खटल्याची अक्कल असलेला माणूस जामिनालाच हवा, हा तर माझ्याच बाजूचा आहे. म्हणजे निकष पुन्हा तोच: तो साक्ष कशी घेतो. फी मात्र टप्प्यांनी ठरवा आणि लिहून घ्या. जामिनाचे इतके, आरोप निश्चितीपर्यंत इतके, महत्त्वाच्या साक्षीदारांचे इतके आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः येणार.

नाशिककर

आमचे वकील येत नाहीत, बदलायचे तर म्हणतात, उरलेली फी दिल्याशिवाय फाइल देणार नाही. पुढच्या महिन्यात फिर्यादीची साक्ष आहे. काय करावं?

काळा कोट

फाइल अडवून ठेवता येत नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय की फीसाठी पक्षकाराचे कागद रोखायचा वकिलाला हक्क नाही. लेखी मागा. तोवर नवा वकील कोर्टातून आरोपपत्राच्या नकला काढू शकतो. साक्षीच्या आदल्या दिवशी नाही, नकलांसाठी आजच अर्ज टाका.

गोदाकाठची

टप्प्यांची फी, मागच्या बाकावर बसून पाहणं, सगळं ठीक. पण काका, भाऊ पोलीस कोठडीत असताना मागच्या बाकावर बसायला आमच्याकडे किती वेळ होता? रिमांड दुसऱ्याच दिवशी होता. ज्याने फोन उचलला तो आमचा वकील झाला. आणि त्याने जामीन केला, म्हणून मी त्याला आजही नावं ठेवत नाही.

जुना शिरस्तेदार

रिमांडला जो मिळेल तो. वकीलपत्र काही जन्माचं नसतं. माणूस केव्हाही बदलायची मुभा आहे; पहिल्या साक्षीदाराला समन्स निघण्याआधी तीच वापरली जात नाही, असं माझं म्हणणं.

गोदाकाठची

ज्याने भाऊ घरी आणला त्याला बदलून दाखवा तुम्ही. माझी आई ऐकते का बघा.