बेस अँप किती झाले म्हणजे पुरे?

मंगळवारपेठी: मंडळी, घर दोन खोल्यांचं आणि बेस गिटारचे अँप, म्हणजे आवाज मोठा करणारे खोके, सात! वाजवतो महिन्यातनं एकदा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात. त्यातला व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) धूड पुण्यातनं ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून आणला, उतरवायला दोन हमाल लागले. परवा आईनं त्याच्यावर पापड वाळत घातले. आठवा बघून ठेवलाय. थांबू का?

रंकाळाकाठ: भावा, आईनं निकाल दिलाय की! अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा व्हॉल्व्हचा बेस अँप १९६९ ला निघाला, ३०० वॅटचा, तो मोठ्या मैदानांसाठी. तसला व्हॉल्व्ह अँप जोरात वाजवल्याशिवाय रंगात येत नाही. तुझ्या माडीवर आवाजाचं बटण एकच्या पुढं गेलंय का कधी?

जुनाबेसवाला: बेसच्या सगळ्यांत जाड तारेचा सूर ४१ हर्ट्झचा, म्हणजे आवाजाची एक लाट आठ मीटरच्या वर लांब. तुझी खोली तेवढी आहे का? कोपऱ्यात ठेवलास तर घुमणारच. नवा घेण्याआधी आहे तो भिंतीपासनं जरा पुढं ओढून बघ.

मंगळवारपेठी: ओढायला जागा पाहिजे की ओ! दोन विकायला काढले. काल गिऱ्हाईक आलं, चहा प्यालं आणि म्हणालं, पैसे नाहीत, बदल्यात माझा अँप घ्या. वर न्यायला मीच हात लावला.

रंकाळाकाठ: नाद खुळा!