चावी फिरवली की डॅशबोर्डच्या आतून टकटक, नाशिकमध्ये कोणी हा प्रकार निस्तरलाय का?

ओझर_अपडाऊन
मंडळी, गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, ऑटोमॅटिक एसीवाली, ६८ हजार किमी झालेत. दिवाळीपासून चावी फिरवली की डॅशबोर्डच्या आत टक-टक-टक सुरू होतं, दहाबारा सेकंद चालतं आणि मग आपोआप गप्प. आत कोणीतरी बॉलपेनचं बटण दाबत बसलंय असं वाटतं. इंदिरानगरहून रोज सकाळी पिंपळगावला जातो, द्वारका ओलांडेपर्यंत काही नाही, पण आडगावच्या पुढे काचेवर आतून वाफ धरली की मी काचेवरच्या हवेचं बटण दाबतो आणि पुन्हा तेच टकटक, आणि वर काच काही धड साफ होत नाही ती नाहीच, हातात फडकं घेऊन गाडी चालवतोय सध्या. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, मजुरीच ९ हजार, पार्ट वेगळे. डॅशबोर्ड एकदा उतरवला की गाडी जन्मभर खुळखुळते असं ऐकून आहे म्हणून हात लावू दिला नाही. काय असेल?

निंबाखाली_पार्किंग
गाडी झाडाखाली लावता का? माझ्या ब्लोअरमध्ये, म्हणजे एसीच्या पंख्यात, लिंबाची काडी गेली होती, सेम फटफट आवाज. आतली हवा गाळणारा कॅबिन फिल्टर काढून बघा, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. माझ्यात पानंच पानं निघाली, वर उंदराने आणून ठेवलेला कापूस.

पाना_पक्कड
काडी नसावी. काडी किंवा पान पंख्यात असेल तर ब्लोअर वाढवला की आवाजाचा वेग पण वाढतो आणि ब्लोअर बंद केला की आवाज बंद. ओझरवाले भाऊ, आधी एवढं करा. इंजिन चालू करू नका, नुसतं इग्निशन ऑन, ब्लोअर बंद. तरी टकटक आली तर दोष पंख्याचा नाही. पेट्रोल गाडीत बॉनेटखाली टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह असतो, तो पण टिकटिक करतो, पण इंजिन चालू असतानाच, म्हणजे इंजिन बंद असताना आवाज आला तर दोष त्याचाही नाही. मग टेम्परेचर एकदम थंड ते एकदम गरम करून ऐका, नंतर हवा तोंडावर, पायावर, काचेवर अशी एकेक फिरवा, शेवटी बाहेरची हवा-आतली हवा. कुठल्या बटणावर आवाज येतो ते इथे सांगा, मग पुढचं बोलू.

ओझर_अपडाऊन
दादा आत्ताच पार्किंगमध्ये बसून केलं. ब्लोअर बंद असताना पण येतो. टेम्परेचरला काही नाही, आतली-बाहेरची हवा काही नाही. तोंडावरून काचेवर केलं की लगेच टकटकटक. बायको म्हणाली रात्री ११ ला गाडीत बसून काय बटणं दाबतोय हा.

पाना_पक्कड
मग सापडला. हवा कुठे पाठवायची ते ठरवणारी आत एक झडप असते, जुन्या गाड्यांत ती नॉबला बांधलेल्या केबलने फिरायची, तुमच्या गाडीत तिला छोटी मोटर आहे, त्याला मोड अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. तळहातात मावेल एवढी काळी डबी, आत प्लास्टिकचे गिअर. गिअरचा दात तुटला की मोटर फिरते, गिअर घसरतो, तोच तुमचा बॉलपेन. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की या मोटरी झडप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन आपली जागा तपासून घेतात म्हणून सुरुवातीला वाजतं, आणि झडप पूर्ण फिरत नाही म्हणून काचेवर हवा कमी.

आता नीट ऐका, इथेच लोक पैसे घालवतात. मोटर बदलण्याआधी दात का तुटला ते बघायचं. जुनी मोटर काढली की झडपेचा दांडा मोकळा होतो, तो बोटाने फिरवून बघा. लोण्यासारखा फिरला तर दोष फक्त मोटरचा. मधेच अडकला तर आत काहीतरी आहे, आणि ते काढल्याशिवाय नवी मोटर लावली तर तीसुद्धा जाणार.

बऱ्याच गाड्यांत ही डबी ग्लोव्हबॉक्स काढला की दिसते, काहींत ड्रायव्हरच्या पायाजवळ वरच्या बाजूला. खाली आडवं पडून एकाला बटण दाबायला सांगा आणि डबीवर बोट ठेवा, धक्का बोटाला लागतो. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबा, आणि पिवळं कनेक्टर दिसलं तर त्याला हात नाही लावायचा, ते एअरबॅगचं असतं.

द्राक्षबागायतदार
सर्व्हिस सेंटरला ९ हजार द्यायचे तर एसीचं काम करणाऱ्या साध्या गॅरेजवाल्याकडे जा, त्याला डॅशबोर्ड न उतरवता कुठून हात घालायचा ते पाठ असतं. आणि तोपर्यंत एसी चालू ठेवून हवा काचेकडे वळवत जा, एसी आतल्या हवेतलं पाणी ओढतो, थंडीत पण. निफाडकडच्या धुक्यात फडकं मारत गाडी चालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे हो.

ओझर_अपडाऊन
झालं एकदाचं, उशिरा लिहितोय. रविवारी चुलतभावाला घेऊन बसलो. ग्लोव्हबॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली आला, मागे डावीकडे वर डबी, दोन स्क्रू, त्यातला वरचा काढायला पाऊण तास, हाताची सालं निघाली. डबी उघडली तर पांढऱ्या गिअरचे तीन दात सपाट. पाना_पक्कड दादांनी सांगितलं तसा दांडा फिरवला, तर अर्ध्यात येऊन कच्च अडकला. मोबाईलचा टॉर्च लावून काचेखालच्या जाळीतून बघितलं तर झडपेच्या कडेला काहीतरी चमकतंय. तारेला दुहेरी टेप चिकटवून ओढलं, चौथ्या प्रयत्नात आलं. एक रुपयाचं नाणं, त्यावर हळदकुंकू वाळून बसलेलं. दसऱ्याला आईने गाडीची पूजा केली तेव्हा डॅशबोर्डवर नाणं आणि अक्षता ठेवल्या होत्या, अक्षता मी पुसल्या, नाणं कुठे गेलं कोणी विचारलंच नाही.

दांडा आता बोटाने सरळ फिरतो. नवी मोटर १९०० ला मिळाली, लावली, बॅटरी जोडली, एकदा झूं करून गप्प. आज सकाळी आडगावला काच दोन मिनिटांत साफ. आईला सांगितलं तर म्हणते, म्हणजे नाणं सापडलं ना, आण इकडे, देवाजवळ ठेवायचंय.

निंबाखाली_पार्किंग
जाळीवर काही ठेवायचं नाही हे आमच्याकडे पण सांगतो आता. दादा, माझ्या गाडीत फिल्टर साफ केला तरी ब्लोअर ३ वर घर्रर्र होतंय, १ वर नाही.

पाना_पक्कड
कापूस निघाला म्हणालात ना? पंख्याच्या पात्यात पण गुंतला असेल, तोल जातो. ब्लोअर खालून तीन स्क्रूवर असतो बहुतेक, उतरवून पाती ब्रशने साफ करा. तोंडाला रुमाल बांधून.